वाचकांचे प्रश्न : टाकीतले इंधन आणि उड्डाणापूर्वीची तपासणी

गेल्या अंकात या सदरात छोट्या खासगी विमानांच्या उड्डाणपूर्व तपासणीविषयी लिहिले होते. विमानाभोवती फेरी मारताना काय काय पाहावे, हा त्याचा विषय होता आणि इंधनाच्या वाट्याला त्यात जेमतेम एक परिच्छेद आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे नेमकी त्या एका परिच्छेदावर आहेत. ती वाचल्यावर हा विषय मी फार घाईने उरकला, हे मला मान्य करावे लागते. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे इंधनाला दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी प्रशिक्षण घेत आहे. प्रत्येक उड्डाणापूर्वी शिडी लावून दोन्ही टाक्यांची झाकणे उघडून पाहायला आमचे प्रशिक्षक सांगतात. कॉकपिटमध्ये दोन गेज असताना याची खरोखर गरज आहे का?

उत्तर : गरज आहे, आणि गेज कसे चालते हे एकदा समजून घेतले की शिडी आणण्याचा कंटाळा येणार नाही. छोट्या विमानांतल्या बहुतेक गेजच्या मुळाशी टाकीत तरंगणारा एक गोळा असतो. तो एका बारीक दांड्याला जोडलेला असतो. इंधनाची पातळी खाली-वर झाली की दांडा हलतो, त्याबरोबर विजेच्या मंडलातला रोध बदलतो आणि कॉकपिटमधला काटा सरकतो. रचना साधी आहे, परंतु पंखातली टाकी पसरट आणि उथळ असल्यामुळे पातळीतला बोटभर फरक म्हणजे कित्येक लिटरचा फरक ठरतो. विमान किंचित कललेल्या जमिनीवर उभे असेल, तर एका बाजूचा काटा जास्त दाखवतो आणि दुसऱ्या बाजूचा कमी. शिवाय वर्षानुवर्षांच्या वापराने रोधाची पट्टी झिजते, दांडा अडकतो, कधी गोळ्यात इंधन शिरून तो बुडतो. काटा अर्ध्यावर स्थिर दिसला की मनाला बरे वाटते, पण तासभर उडूनही तो जागचा हलला नसेल, तर ती बिघाडाची खूण समजावी.

अमेरिकेच्या विमानरचनेच्या नियमांत दीर्घकाळ असे कलम होते की, विमान सरळ उडत असताना वापरण्याजोगे इंधन संपले की गेजने शून्य दाखवले पाहिजे. त्यावरून ‘गेज फक्त रिकाम्या टाकीपुरतेच खरे असले तरी चालते’ असा एक समज वैमानिकांत पसरला आहे. हा समज चुकीचा आहे. मधल्या पातळ्याही गेजने दाखवल्याच पाहिजेत आणि बिघडलेले गेज दुरुस्त करून घेतलेच पाहिजे. मात्र उड्डाणापूर्वी टाकीत नेमके किती इंधन आहे, हे ठरवताना गेजला एक साक्षीदार मानावे, डोळ्यांनी पाहिलेली पातळी हा दुसरा साक्षीदार मानावा आणि मागच्या उड्डाणांच्या नोंदींवरून मांडलेला हिशेब हा तिसरा. तिघांचे म्हणणे जुळत नसेल, तर ते का जुळत नाही हे कळेपर्यंत इंजिन सुरू करू नये.

डोळ्यांनी पाहण्यालाही मर्यादा आहेत. काठोकाठ भरलेली टाकी सहज ओळखता येते; अर्धवट टाकीत वरून डोकावून अंदाज करणे मात्र फसवे असते. त्यासाठी डिपस्टिक, म्हणजे खुणा आखलेली मोजकाठी, वापरावी आणि ती त्याच विमानासाठी आखलेली असावी. हँगरमध्ये खिळ्याला लटकलेली दुसऱ्या मॉडेलची डिपस्टिक दहा-वीस लिटरची चूक सहज करून देते. पायपर वॉरियरसारख्या काही विमानांत टाकीच्या तोंडाशी आत धातूची एक पट्टी असते आणि इंधन त्या पट्टीच्या खालच्या टोकाला टेकले की ठरावीक साठा झाला असे समजते. ही सोय फार उपयोगी आहे, कारण चार जण बसवायचे असतील तेव्हा टाकी पूर्ण भरता येत नाही. ॲव्हगॅसचे, म्हणजे पिस्टन इंजिनाच्या विमानांतल्या पेट्रोलचे, वजन लिटरमागे सुमारे ०.७२ किलो असते. २०० लिटर म्हणजे १४४ किलो, जवळजवळ दोन माणसांइतका भार.

झाकण उघडलेत की ते बंद करण्याची जबाबदारीही आपली आहे. हे मी सहज लिहीत नाही. उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो आणि झाकण नीट बसलेले नसेल, तर तो कमी दाब टाकीतले इंधन बाहेर ओढून घेतो. उंच पंखाच्या विमानात हे वैमानिकाला आपल्या जागेवरून दिसतही नाही. झाकण फिरवून बसल्यावर ते बोटांनी ओढून पाहावे. दुसऱ्या कोणी इंधन भरले असेल, तरी शेवटचा हात आपलाच असावा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०११ ते २०१५ या वर्षांचा आढावा घेतला, तेव्हा इंधनाच्या व्यवस्थापनातील चुकांमुळे छोट्या विमानांना वर्षाला सरासरी ५० हून अधिक अपघात झाल्याचे आढळले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक अपघातांत इंधन चक्क संपलेले होते. ही विमाने नादुरुस्त नव्हती, म्हणून हा आकडा मला अधिक सलतो.

प्रश्न : टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून, म्हणजे निचऱ्याच्या तोटीतून, काढलेल्या नमुन्यात पाणी आहे की नाही, हे खात्रीने कसे ओळखावे? आणि झाकण घट्ट असताना टाकीत पाणी येते तरी कुठून?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर मला एका सकाळच्या आठवणीपासून सुरू करू द्या. रात्रभर मुसळधार पाऊस पडून गेला होता आणि पहाटे आभाळ लख्ख निवळले होते. माझ्या विद्यार्थ्याने उजव्या पंखाखालच्या ड्रेनमधून कप भरला, आभाळाकडे धरून पाहिला आणि तो म्हणाला, “सर, स्वच्छ आहे. निळसर आहे, बुडबुडा नाही, रेघ नाही.” मी कप हातात घेतला आणि पंखाच्या पांढऱ्या रंगापुढे धरला. निळेपणा नाहीसा झाला. तो आभाळाचा निळेपणा होता. कपात पेट्रोलचा वासही नव्हता. कप तळापासून काठापर्यंत पाण्याने भरलेला होता. पाणी आणि इंधन यांच्यामधली रेघ दिसली नाही, कारण रेघेच्या वर असायला हवे ते इंधन कपात नव्हतेच. आम्ही त्यानंतर काढलेल्या चौथ्या कपात पहिल्यांदा निळा थर वर तरंगताना दिसला. उड्डाण रद्द केले. मेकॅनिकने टाकीचे झाकण उघडून त्याची रबरी कडी दाखवली, तेव्हा ती कडक होऊन तिला भेगा पडलेल्या होत्या. झाकण घट्टच बसलेले होते.

पाणी कुठून येते, याचे एक उत्तर या प्रसंगातच आहे. उभ्या विमानावर पाऊस पडतो, झाकणाभोवतीच्या खळग्यात पाणी साचते आणि खराब कडीतून ते आत झिरपते. दुसरा मार्ग म्हणजे जिथून इंधन भरले, ती साठवणीची टाकी किंवा बाउझर, म्हणजे इंधनाचा टँकर. तिसरा मार्ग अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतली वाफ थिजण्याचा. म्हणूनच दिवसाच्या शेवटी टाकी भरून ठेवण्याची पद्धत पडली. ती पद्धत चांगली आहे, परंतु माझ्या अनुभवात कपभर पाणी सापडले, तेव्हा कारण बहुतेक वेळा खराब झाकण हेच निघाले आहे. टाकी भरलेली होती म्हणून निचरा तपासला नाही, असे कधीही होऊ देऊ नये.

पाणी ॲव्हगॅसपेक्षा जड असल्यामुळे ते टाकीच्या तळाशी जाऊन बसते आणि ड्रेनचे व्हॉल्व्ह तळाच्या सर्वांत खोल जागी असतात. मात्र खाली बसायला त्याला वेळ लागतो. ॲव्हगॅसमध्ये दर फूट खोलीला सुमारे १५ मिनिटे आणि जेट इंधनात दर फूट खोलीला तासभर, असा हिशेब धरतात. म्हणजे इंधन भरल्या भरल्या काढलेला नमुना फारसे काही सांगत नाही. पंधरा-वीस मिनिटे थांबून, इतर तपासणी आधी उरकून, मग ड्रेनकडे वळावे. दिवसातले पहिले उड्डाण आणि प्रत्येक वेळी इंधन भरल्यानंतरचे उड्डाण, या दोन्ही वेळी हे करायचेच. आणि एकही ड्रेन सोडायचा नाही. सेस्ना १७२ एस या विमानात प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन, असे १३ ड्रेन आहेत. तेरा वेळा वाकणे कंटाळवाणे वाटते हे मला ठाऊक आहे, पण निर्मात्याने ते शोभेसाठी बसवलेले नाहीत. पोटाखालच्या ड्रेनांत गॅसकोलेटर, म्हणजे गाळणीच्या भांड्याचा ड्रेन, कधीही विसरू नये, कारण इंजिनकडे जाणाऱ्या मार्गावर पाणी अडण्याची ती शेवटची जागा असते.

काही विमानांच्या टाक्यांची एक जास्तीची अडचण आहे. जुन्या सेस्ना १८२ विमानांत पंखात धातूच्या टाकीऐवजी रबरी पिशवी असते. तिच्या तळाला सुरकुत्या पडल्या, तर सुरकुतीच्या पलीकडे पाणी अडून राहते आणि ड्रेनपर्यंत पोहोचतच नाही. जमिनीवर नमुना स्वच्छ निघतो. उड्डाण करताना विमानाचे नाक वर झाले की ते पाणी सुरकुती ओलांडून वाहू लागते. अशा विमानांत शेपूट खाली दाबून आणि पंख हलकेच डोलवून, थोडे थांबून मग नमुना घ्यावा, अशी सूचना असते, ती पाळावी.

आता ओळखण्याविषयी. नमुना नेहमी पांढऱ्या पृष्ठभागापुढे धरावा. वास घ्यावा. तरीही शंका राहिली, तर ज्या इंधनाची खात्री आहे ते थोडे त्याच कपात घालावे: मुळात पाणीच असेल, तर लगेच दोन थर आणि त्यांच्यामधली रेघ दिसेल. तळाशी गंजाचे कण, काळ्या रबराचे तुकडे किंवा धूसरपणा दिसला, तर तीही बातमीच आहे. पाणी निघाले, तर लागोपाठ अनेक स्वच्छ नमुने मिळेपर्यंत निचरा करत राहावे आणि ते कुठून आले हे सापडेपर्यंत उडू नये. कडाक्याच्या थंडीत तळाचे पाणी गोठून बसले, तर ड्रेनमधून काहीच बाहेर येत नाही. ‘काही निघाले नाही’ याचा अर्थ त्या दिवशी ‘पाणी नाही’ असा घेऊ नये, विमान उबदार हँगरमध्ये नेऊन पुन्हा पाहावे.

निचरा झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटला आहे ना, हे खाली वाकून पाहावे. एखादा कण अडकून तो उघडा राहिला, तर थेंब थेंब गळत राहतो. पंखाखाली दिसणारा निळा डाग हा अशाच गळतीचा पुरावा असतो. इंधन उडून जाते आणि रंग मागे राहतो. शेवटी स्वतःची काळजी: १०० एलएल या प्रचलित ॲव्हगॅसमध्ये शिशाचे संयुग असते, ते त्वचेतून शरीरात जाते. उंच पंखाखाली उभे राहून निचरा करताना ते डोळ्यांत उडण्याची शक्यता असते. चष्मा आणि हातमोजे वापरावेत, हात साबणाने धुवावेत आणि कपातले इंधन जमिनीवर न ओतता त्यासाठी ठेवलेल्या डब्यात टाकावे.

प्रश्न : पिस्टन इंजिनाच्या विमानात चुकून जेट इंधन भरले गेले, तर ते रंगावरून लगेच लक्षात येणार नाही का?

उत्तर : नेहमीच लक्षात येईल असे नाही. १०० एलएल निळे असते, जेट इंधन रंगहीन किंवा फिकट गवती रंगाचे असते, हे खरे आहे. परंतु टाकीत आधीच बरेच ॲव्हगॅस असेल आणि त्यात थोडे जेट इंधन मिसळले, तर मिश्रण निळसरच दिसते. दोन्ही इंधने एकमेकांत पूर्ण विरघळतात, त्यामुळे पाण्यासारखी रेघही दिसत नाही. अशा वेळी कागदाची परीक्षा उपयोगी पडते. साध्या पांढऱ्या कागदावर नमुन्याचे दोन थेंब टाकावेत आणि थांबावे: शुद्ध ॲव्हगॅस उडून जाते, जेट इंधन असेल तर तेलकट वर्तुळ मागे राहते. बोटांनाही फरक कळतो. ॲव्हगॅस झटकन उडून बोट गार पडते, जेट इंधन बुळबुळीत लागते.

या चुकीची खरी भीती तिच्या वेळेत आहे. नळ्यांत आणि कार्ब्युरेटरमध्ये आधीचे चांगले इंधन शिल्लक असते, म्हणून इंजिन नेहमीसारखे सुरू होते, विमान धावपट्टीपर्यंत जाते, तपासणीतही काही वावगे दिसत नाही. केरोसीनच्या जातीचे हे इंधन सिलिंडरमध्ये पोहोचते तेव्हा विमान बहुधा नुकतेच जमिनीवरून उठलेले असते. त्याला स्फोटक ज्वलनाविरुद्ध तग धरण्याची क्षमता नसते. इंजिन ठोके देऊ लागते, भयंकर तापते आणि बंद पडते.

हवाई कसरतींसाठी जगभर नावाजलेले अमेरिकी वैमानिक बॉब हूवर यांच्यावर हा प्रसंग ओढवला होता. त्यांच्या श्राइक कमांडर या पिस्टन इंजिनांच्या विमानात जेट इंधन भरले गेले आणि उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांची शक्ती गेली. असामान्य कौशल्याने त्यांनी विमान खाली आणले आणि सर्व जण वाचले. पुढे जेट इंधनाच्या नळाला रुंद तोंड बसवण्याची आणि पिस्टन विमानांच्या टाकीचे तोंड अरुंद करण्याची पद्धत रूढ झाली. त्या नळाला हूवर यांचेच नाव मिळाले. तरीही जुन्या विमानांची तोंडे रुंद असतात, काही ठिकाणी रुंद तोंड काढून साधा नळ लावलेला असतो, आणि आता जेट इंधनावर चालणारी डिझेल इंजिनाची छोटी विमानेही आली आहेत, त्यामुळे इंधन भरणाऱ्या माणसाचा गोंधळ होणे अधिक सोपे झाले आहे. पिस्टन विमानाच्या अंगावर ‘टर्बो’ असा शब्द असेल, तर ते जेट इंधनावर चालणारे टर्बाइन विमान आहे असा समज होऊ शकतो. म्हणून इंधन भरले जात असताना वैमानिकाने जवळ उभे राहावे, मागणी करताना ‘टाकी भरा’ एवढेच न म्हणता इंधनाचे नाव घ्यावे आणि पावतीवर तेच नाव छापले आहे का, हे वाचावे. पावती खिशात घालण्यापूर्वी ती वाचणारे वैमानिक मी फार थोडे पाहिले आहेत.

प्रश्न : माझ्या विमानात २०० लिटर इंधन मावते आणि पुस्तिकेत ताशी ३२ लिटर खप दिला आहे. म्हणजे सहा तास निर्धास्त उडता येईल, असे मी धरतो. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. आपण दिलेले आकडे सेस्ना १७२ एस विमानाशी जुळतात, म्हणून त्याच आधारे सांगतो. पहिली गोष्ट, २०० लिटर हे वापरण्याजोगे इंधन आहे की एकूण, हे पुस्तिकेत पाहावे. या विमानात एकूण इंधन सुमारे २१२ लिटर मावते, त्यातले सुमारे २०० लिटर वापरता येते. उरलेले टाकीत असूनही इंजिनला मिळेलच असे नाही. त्या २०० मधून जमिनीवरचे चालणे आणि चढाई यांसाठी आठ लिटर वजा करा, उरले १९२. एका तासाचा राखीव साठा, म्हणजे ३२ लिटर, बाजूला ठेवा. राहिले १६०, म्हणजे पाच तास. एक तास इथेच गेला.

आता ताशी ३२ लिटरचा तो आकडा पाहा. इंजिनात जाणारे हवा-इंधनाचे मिश्रण पुस्तिकेप्रमाणे विरळ केले, तरच तो खरा असतो. मिक्श्चरचा दांडा पूर्ण आत ठेवून उडण्याची सवय असेल आणि त्यामुळे खप ताशी ४० लिटर झाला, तर १९२ लिटर इंधन पाच तासही पुरत नाही. त्यातून एक तास राखीव ठेवला, तर हातात चार तासांपेक्षाही कमी वेळ राहतो. वाऱ्याचाही असाच हिशेब आहे. ताशी १०० नॉटिकल मैल वेगाच्या विमानाला ४०० मैलांसाठी चार तास लागतात. समोरून ताशी २० मैलांचा वारा आला की तेच अंतर पाच तासांचे होते. टाकीतले इंधन मात्र तेवढेच असते. म्हणून इंधन लिटरमध्ये मोजावे, पण विचार तासांत करावा. इंजिन सुरू केले ती वेळ गुडघ्यावरच्या कागदावर लिहावी आणि शेजारी ‘या वेळेपर्यंत चाके जमिनीवर’ अशी दुसरी वेळ लिहावी. ती वेळ हवेत बदलायची नाही. बदलायचे ते उतरण्याचे ठिकाण.

अमेरिकेच्या नियमांनुसार डोळ्यांनी पाहून करायच्या उड्डाणात दिवसा ३० मिनिटांचे आणि रात्री ४५ मिनिटांचे राखीव इंधन हिशेबात धरावे लागते. हा कायद्याचा किमान आकडा आहे. मी स्वतः तासभर इंधन राखूनच उतरतो आणि विद्यार्थ्यांनाही तेच शिकवले, कारण तीस मिनिटांचे इंधन पसरट टाकीत इतके थोडे दिसते की गेजही ते धड दाखवू शकत नाही.

एककांविषयीही सावध राहावे. १९८३ च्या २३ जुलैला एअर कॅनडाचे बोइंग ७६७ विमान ४१ हजार फुटांवर इंधनावाचून बंद पडले. छोट्या विमानांच्या सदरात या मोठ्या विमानाचे उदाहरण देतो, कारण त्यातली बेरीज-वजाबाकी आपण रोज करतो तीच आहे. गेज चालत नव्हते, म्हणून टाकीतले इंधन काठीने मोजले: ७,६८२ लिटर. त्याचे किलो करताना १.७७ ने गुणले गेले. तो आकडा लिटरमागे पौंडांचा होता. किलोसाठी तो सुमारे ०.८ हवा होता. विमानात १३ हजारांहून अधिक किलो इंधन आहे असे समजले गेले, प्रत्यक्षात ते सहा हजारांच्या आसपास होते. वीस हजार लिटर भरायला हवे होते, तिथे पाच हजारही भरले गेले नाही. वैमानिकांनी गिम्ली येथील जुन्या हवाई तळावर विमान तरंगत नेऊन उतरवले आणि सर्वांचे प्राण वाचवले. आपल्या विमानाचे गेज गॅलनमध्ये, बाउझरचा मीटर लिटरमध्ये आणि वजनाचा तक्ता पौंडांत असेल, तर रूपांतराचे आकडे एककासह कागदावर लिहून ठेवावेत आणि दुसऱ्या माणसाकडून एकदा तपासून घ्यावेत. अमेरिकी गॅलन ३.७९ लिटरचे असते आणि ब्रिटिश गॅलन ४.५५ लिटरचे, हेही जुन्या विमानांच्या बाबतीत ध्यानात ठेवावे.

प्रश्न : एका टाकीत भरपूर इंधन असूनही इंजिन बंद पडल्याची उदाहरणे ऐकली आहेत. हे कसे होते?

उत्तर : इंधन संपणे आणि इंधन न मिळणे, या दोन वेगळ्या घटना आहेत. दुसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा फ्युएल सिलेक्टर, म्हणजे कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचे ते ठरवणारा दांडा, चुकीच्या जागी असतो. खालच्या पंखाच्या बऱ्याच विमानांत एका वेळी एकाच टाकीतून इंधन घेता येते आणि वैमानिकाने ठरावीक वेळाने टाकी बदलायची असते. ते राहून गेले की एक टाकी कोरडी पडते. कधी दांडा दोन खाचांच्या मधेच राहतो. म्हणून सिलेक्टर नुसता पाहू नये, हाताने फिरवावा आणि खाचेत बसल्याचा ठोका बोटांना जाणवला पाहिजे. सिलेक्टर ‘बंद’ असतानाही नळ्यांतल्या इंधनावर इंजिन सुरू होऊन विमान धावपट्टीपर्यंत जाऊ शकते, ही गोष्ट नवख्यांना सांगितली तर त्यांना खरी वाटत नाही. दोन्ही टाक्यांवर इंजिन पुरेसा वेळ जमिनीवर चालवून पाहावे, मग ज्या टाकीवर उड्डाण करायचे ती निवडून इंजिनची पूर्ण तपासणी त्याच टाकीवर करावी. ती झाल्यावर धावपट्टीच्या तोंडाशी टाकी बदलू नये.

दुसरे कारण व्हेंटचे, म्हणजे टाकीत हवा येऊ देणाऱ्या नळीचे. इंधन जसजसे कमी होते तसतशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. पंखाखालच्या त्या बोटाएवढ्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले, तर टाकीत निर्वात तयार होतो आणि इंधनाचा प्रवाह मंदावत मंदावत थांबतो. विमान आठवडाभर उभे राहिले असेल, तर या नळीत डोकावून पाहिल्याशिवाय निघू नये. काडी खुपसून घर आत ढकलू नये. मेकॅनिककडून ते बाहेर काढून घ्यावे.

हवेत इंजिन गुरगुरू लागले, तर विमानाच्या पुस्तिकेतला क्रम पाठ असावा. विमानागणिक तो थोडा बदलतो, पण उडण्याचा योग्य वेग धरणे, टाकी बदलणे, पूरक पंप असल्यास सुरू करणे आणि मिश्रण दाट करणे या गोष्टी त्यात सहसा असतातच. हे हात न शोधता झाले पाहिजे. बंद विमानात बसून डोळे मिटून सिलेक्टरपर्यंत हात नेण्याचा सराव करा.

प्रश्न : माझा मुलगा हौशी वैमानिक आहे आणि मी त्याच्यासोबत प्रवासी म्हणून जाते. मला विमानातले काही कळत नाही. इंधन तपासलेस का, असे विचारले तर त्याला राग येईल का?

उत्तर : ताई, अवश्य विचारा. मात्र ‘तपासलेस का’ असे न विचारता ‘किती तासांचे इंधन आहे आणि आपण किती तासांत उतरणार’ असे विचारा. तयारीने निघालेला वैमानिक याचे उत्तर दोन आकड्यांत देतो. आणखी एक मदत आपण करू शकता: तो विमानाभोवती फेरी मारत असताना त्याच्याशी बोलू नका, फोन आला तर आपण घ्या आणि उशीर होत असला, तरी घड्याळाची आठवण करून देऊ नका. बोलण्याच्या नादात झाकण तसेच राहिलेले मी पाहिले आहे.

प्रश्न : हलक्या विमानात मोटारीचे पेट्रोल वापरता येते, असे एक परिचित सांगतात. ते सुरक्षित आहे का?

उत्तर : विमानाच्या आणि इंजिनाच्या कागदपत्रांत तशी परवानगी असेल, तरच. रोटॅक्स ९१२ मालिकेतल्या इंजिनांना ठरावीक प्रतीचे मोटारीचे पेट्रोल चालते. काही जुन्या विमानांनाही वेगळी मान्यता घेता येते. परवानगी नसलेल्या विमानात ते मुळीच भरू नये. मुख्य अडचण पेट्रोलमधल्या इथेनॉलची आहे. ते पाणी शोषून घेते आणि त्याचा अंश जास्त असला, तर इंधनप्रणालीतल्या जुन्या रबरी कड्यांना व नळ्यांना अपाय करते. थंडी वाढली की पाण्यासह ते वेगळे होऊन तळाशी बसते. शिवाय मोटारीचे पेट्रोल लवकर वाफाळते, त्यामुळे उन्हात तापलेल्या नळ्यांत वाफ अडकून प्रवाह तुटू शकतो.

इथेनॉल आहे का, हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. खुणा असलेल्या काचेच्या नळीत पहिल्या खुणेपर्यंत पाणी घ्यावे, वर त्याच्या नऊ-दहा पट पेट्रोल घालावे, तोंड बंद करून जोराने हलवावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. खालचा थर खुणेच्या वर चढलेला दिसला, तर पेट्रोलमधले इथेनॉल पाण्यात उतरले आहे. परवानगीत इथेनॉलमुक्त पेट्रोल सांगितले असेल, तर तो डबा विमानापासून दूर न्यावा. इंधन डब्याने आणत असाल, तर डबा भरताना तो गाडीत न ठेवता जमिनीवर ठेवावा आणि विमानात ओतण्यापूर्वी विमान, डबा व नरसाळे तारेने एकमेकांना जोडावेत. तारेचा चिमटा रंगावर लावून उपयोग नाही. एक्झॉस्टच्या नळीसारख्या उघड्या धातूला तो लावावा, आणि टाकीचे झाकण त्यानंतरच उघडावे.